वायरही हवी, सेलही हवा

परवाच्या कार्यक्रमात दुसऱ्या गाण्याच्या अंतऱ्यात माझ्या बेस गिटारचा आवाज आधी फाटला, मग घसा बसल्यासारखा घरघरला आणि तिसऱ्या गाण्याला त्याने मान टाकली. मी मात्र वाजवत राहिलो. बोटं फिरवायची, डोळे मिटायचे, ड्रमरकडे बघून उगाच हसायचं. मध्यंतरापर्यंत चार गाणी मूकाभिनय केला आणि स्टेजवरच्या एकालाही पत्ता लागला नाही. कीबोर्डवाला तर सगळ्यांचा एकत्र आवाज ऐकून म्हणाला, "आज मिक्स काय स्वच्छ आहे रे!"

कळलं ते फक्त पहिल्या रांगेतल्या एका काकांना.

मी स्टेजच्या कडेला बेस पालथा घालून मागची झाकणी उघडत होतो. चार स्क्रू, मुंगीच्या डोक्याएवढे. काका जवळ येऊन उभे राहिले.

"बंद पडलंय ना? मघापासून बघतोय."

"सेल गेलाय, काका."

"सेल? यात?" त्यांनी वायरीकडे बोट दाखवलं. "ही लावलीय की."

"त्यातून फक्त आवाज बाहेर जातो. आत एक प्रीअँप आहे, म्हणजे आवाज वाढवणारं छोटं सर्किट, त्याला नऊ व्होल्ट लागतात."

"बरं. मग वायर काढली तर सेलवर वाजेल?"

"नाही."

"आणि सेल काढला तर वायरीवर?"

"नाही वाजणार."

"म्हणजे दोन्ही लागतात."

"हो."

"आणि आत्ता दोन्ही आहेत."

"आहेत."

"आणि वाजत नाहीये."

मी स्क्रूकडे लक्ष असल्याचं दाखवलं. काका थांबणाऱ्यातले नव्हते. "पण सेल संपला कसा? बटण चालू राहिलं असेल."

इथे मी खोटं बोलायला हवं होतं. पण वाद्याबद्दल कुणी विचारलं की मला चेव येतो. मी सांगून बसलो की याला बटणच नसतं. वायरीचा प्लग आत गेला की त्याच्या धातूनेच बॅटरीचं सर्किट पूर्ण होतं, आणि सरावानंतर पंधरा दिवस बेस वायरीसकट स्टँडवर उभा होता.

काकांचा चेहरा उजळला. "म्हणजे वायर लावली की सेल संपतो!"

"तसं म्हणता येईल."

"मग वायर लावूच नका ना!"

आता यावर काय बोलणार? माणूस एकेका पायरीने, कुठेही न चुकता, इथवर पोचला होता. मलाच अचानक कळेना की आपण हे काय विकत घेऊन बसलोय. १९५१ साली लिओ फेंडरने प्रिसिजन बेस बाजारात आणला, त्यात बॅटरी नव्हती, आणि जगाचं काहीही अडलं नाही. पुढे १९७६च्या म्युझिक मॅन स्टिंगरेमध्ये प्रीअँप आला. त्याच्यामागेही लिओ फेंडरच, म्हणजे तक्रार करायची तर एकाच माणसाकडे. साध्या बेसचा टोन नॉब वरचे सूर फक्त कमी करू शकतो, अ‍ॅक्टिव्हमध्ये, म्हणजे प्रीअँपवाल्यात, बास म्हणजे खालचे सूर आणि ट्रेबल म्हणजे वरचे सूर वाढवताही येतात. लांब वायरीतही वरचे सूर मरत नाहीत. हे सगळं खरं आहे. पण ज्या वाद्याची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झवर गुणगुणते आणि मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओत जी ऐकूसुद्धा येत नाही, तिचा ट्रेबल कुणासाठी वाढवायचा? काही बेसना सेल गेला तर पॅसिव्हवर टाकायची, म्हणजे सेलशिवाय वाजवायची, सोय असते. माझ्याला नाही. घेताना मी लाकडाच्या रंगावर भाळलो होतो.

तोवर काकांनी शोधमोहीम काढली होती. "रिमोटचे चालतील?" नाही. "घड्याळाचा?" नाही, चौकोनी लागतो, डोक्यावर दोन बटणं असलेला. मी जुना सेल काढून जिभेला लावून दाखवला. झिणझिण्यासुद्धा आल्या नाहीत. काकांनी हात पुढे केला, त्यांनाही चाटून बघायचं होतं. मी दिला नाही.

ते गेले आणि साउंडवाल्याला घेऊनच आले. निवेदिकेच्या वायरलेस माइकमध्ये अगदी तसाच सेल होता. "तिला दुसरा माइक देतो," साउंडवाला म्हणाला, आणि विसरला.

मध्यंतरानंतर निवेदिकेने तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. मोजून चार सेकंद. अख्खं सभागृह उठलं. "आवाज! आवाज!" मागून शिट्ट्या, पुढून टाळ्या, साउंडवाला धावतोय, कीबोर्डवाला स्वतःचा माइक नेऊन देतोय. चार सेकंद! मी चार गाणी नव्हतो. हे मी विनोद म्हणून सांगतो सगळ्यांना, पण खरं तर झोंबलंय. चार किलोंचं लाकूड खांद्याला अडकवून माणूस तीन तास उभा राहतो, आणि तो वाजत नसला की मिक्स स्वच्छ होतो.

कार्यक्रम संपल्यावर साउंडवाला सेल परत मागायला हात पसरून उभा. पुन्हा पालथा बेस, पुन्हा झाकणी, आणि एक स्क्रू हातातून निसटला. काका मोबाइलचा टॉर्च धरून होतेच. "आधी वायर काढा," म्हणाले. मी काढली. मग आम्ही तिघं गुडघ्यांवर बसून दहा मिनिटं स्टेज चाचपत होतो. मिळाला नाही. तो काकांच्या बुटाखाली होता असा माझा अजून संशय आहे, पण त्यांना पाय उचला म्हणायची माझी हिंमत झाली नाही.