चळवळ स्टोनवॉलच्या आधीपासून होती आणि ती बारमध्येच होती

दर जूनला एक पोस्ट फिरते, आपल्या मराठी ग्रुपांवरही येते. तिचं म्हणणं असं की अमेरिकेतली समलैंगिकांची चळवळ १९६९ ला न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल बारवर धाड पडली आणि लोक पोलिसांशी भिडले तेव्हा सुरू झाली, त्याआधी बारमध्ये गाऊन घालून गाणारे लोक नुसती मजा करत होते, आणि निवडणुकीला उघडपणे उभं राहायची हिंमत पहिल्यांदा सॅन फ्रान्सिस्कोचा गे पुढारी हार्वी मिल्क यानं केली. तिन्ही गोष्टी चूक आहेत, आणि तिन्ही खोडायला सॅन फ्रान्सिस्कोचा होझे सारिया, बायकी वेशात बारमध्ये गाणारा गे कलाकार, एकटा पुरेसा आहे.

आधी निवडणूक, कारण ते पटकन संपतं. मिल्क पहिल्यांदा उभा राहिला १९७३ ला, जिंकला १९७७ ला. होझे त्याच शहराच्या बोर्ड ऑफ सुपरव्हायझर्ससाठी, म्हणजे तिथल्या नगरपालिकेसाठी, १९६१ लाच उभा होता, आपण कोण आहोत हे न लपवता. जागा पाच, उमेदवार तीसच्या वर, हा नववा आला आणि साडेपाच-सहा हजार मतं घेतली. हरला, पण समलैंगिकांची मतं मोजता येतात हे त्या दिवशी शहरातल्या पुढाऱ्यांना कळलं.

आता 'नुसती मजा'. हे वाचून मला खरंच राग येतो. होझे दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होता, परत आल्यावर शिक्षक व्हायचं होतं, पण एका हॉटेलच्या टॉयलेटमध्ये पोलिसांनी समलैंगिक वर्तनाच्या आरोपावरून पकडलं आणि तो रस्ताच बंद झाला. मग माँटगोमेरी स्ट्रीटवरच्या ब्लॅक कॅट बारमध्ये वेटर, आणि तिथेच गायला लागला. ऑपेराची विडंबनं करायचा, त्याची कार्मेन (एका प्रसिद्ध ऑपेराची नायिका) सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरमध्ये पोलिसांना चुकवत पळायची आणि अख्खा बार ओरडून तिला साथ द्यायचा. आपल्या तमाशातल्या बतावणीत गावातल्या ताज्या भानगडी येतात ना, तसंच. शेवटी सगळ्यांना हातात हात घेऊन गायला लावायचा, कधीकधी बाहेर रस्त्यावर नेऊन, समोरच्या तुरुंगात त्याच रात्री पकडून टाकलेल्यांना ऐकू जावं म्हणून.

आणि तो नुसता गात नव्हता, सल्ला देत होता. धाडीत पकडलेले लोक बदनामीच्या भीतीनं गुन्हा कबूल करून दंड भरून मोकळे व्हायचे, हा सांगायचा की कबूल करू नका, ज्युरी मागा, म्हणजे सामान्य नागरिकांच्या पंचांपुढे खटला. लोक ऐकायला लागले तशी कोर्टात केसेसची गर्दी झाली आणि न्यायाधीश पोलिसांकडे खरा पुरावा मागायला लागले. हॅलोविनचं, म्हणजे सोंगं घेऊन फिरायच्या सणाचं, तर अजून भारी आहे, फसवायच्या हेतूनं बायकी वेश केला म्हणून पोलीस अटक करायचे, तर होझेनं मांजराच्या आकाराचे बिल्ले वाटले, त्यावर लिहिलेलं 'मी मुलगा आहे'. बिल्लाच लावलाय म्हटल्यावर फसवणूक कुठली? एवढा कायद्याचा विचार करणाऱ्या माणसाला राजकारण कळत नव्हतं म्हणायचं का?

राहिला स्टोनवॉलचा मुद्दा. ती रात्र मोठी होतीच, ते कोणी नाकारत नाही. पण ब्लॅक कॅटचा मालक सोल स्टाउमन (तो स्वतः गे नव्हता) दारूच्या लायसन्ससाठी कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९५१ ला कोर्टानं सांगितलं की समलैंगिक लोक बारमध्ये जमतात एवढ्यावरून लायसन्स काढता येत नाही. स्टोनवॉलच्या १८ वर्षं आधी. १९६२ ला त्या शहरातल्या गे बारवाल्यांनी टॅव्हर्न गिल्ड नावाची स्वतःची संघटना काढली. ब्लॅक कॅटचं दारूचं लायसन्स शेवटी १९६३ ला गेलंच, हॅलोविनच्या तोंडावर. होझे थांबला नाही, १९६५ ला इम्पिरियल कोर्ट सुरू केलं, ड्रॅगचे, म्हणजे बायकी वेशातल्या पुरुषांचे, सोहळे करून समाजासाठी पैसे उभे करणारी ही संस्था पुढे अमेरिकेच्या बाहेरही पसरली.

२००६ ला सॅन फ्रान्सिस्कोनं कॅस्ट्रो या गे वस्तीमधल्या रस्त्याच्या एका तुकड्याला त्याचं नाव दिलं, २०१३ ला तो गेला. त्यामुळे ती पोस्ट पुढे पाठवणार असाल तर निदान १९६९ च्या आधी १९६१ लिहा आणि मिल्कच्या आधी होझेचं नाव घाला.