‘नक्कल’ म्हणण्याआधी कलम ३९५ वाचा

ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर संविधान दिनाच्या आदल्या दिवशी एक मेसेज आला. दुपारपर्यंत तोच मला आणखी तीन ग्रुपांवर दिसला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : भारताचं संविधान ही इंग्रजांनी भारताच्या कारभारासाठी केलेल्या १९३५ च्या कायद्याची नक्कल आहे, ते लिहिलं बी. एन. राव यांनी, बाबासाहेबांचं नुसतं नाव लागलं. आणि जनतेला कुणी विचारलंच नाही. पाठवणारे काका माझ्या वडिलांच्या वयाचे, सगळ्यांच्या अडीनडीला धावणारे. म्हणून तिथे चार ओळी खरडण्याऐवजी नीट लिहितो आहे.

नकलेचा आरोप जुनाच आहे. ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना बाबासाहेबांनी त्याला उत्तर दिलं : उसनं घेण्यात लाज वाटण्याजोगं काही नाही, राज्यघटनेच्या मूलभूत कल्पनांवर कुणाचा पेटंट हक्क नसतो. १९३५ च्या कायद्यातून आलेला भाग बहुतेक कारभाराच्या तपशिलांचा आहे, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. आपल्या सोसायटीचे उपविधीसुद्धा सहकार खात्याच्या आदर्श उपविधींवरूनच घेतलेत ना? तरी पार्किंगचा एक नियम ठरवायला आपल्याला दोन सर्वसाधारण सभा लागल्या, कारण तो आपल्यालाच पाळायचा होता.

आता त्या कायद्यात काय नव्हतं ते बघा. मूलभूत हक्कांचं प्रकरण नव्हतं. अस्पृश्यता नष्ट करणारं कलम १७ नव्हतं. हक्क डावलला गेला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जायची कलम ३२ ची वाट नव्हती. आणि आपल्या संविधानातलं मूळचं शेवटचं कलम, ३९५, काय म्हणतं? १९३५ चा कायदा रद्द, त्याचबरोबर १९४७ चा भारतीय स्वातंत्र्याचा कायदाही रद्द. हा दुसरा कायदा ब्रिटिश पार्लमेंटनेच केलेला होता. इंग्रजांच्या नजरेतून संविधान सभेचे अधिकार त्यातूनच आले होते. सभेने तोच मोडीत काढला. संविधान मंजुरीसाठी राजाकडे गेलं नाही, गव्हर्नर जनरलकडेही नाही. मला स्वतःला या कलमाइतका अभिमान क्वचितच कशाचा वाटतो.

राव यांच्याबद्दल अर्धं खरं आहे. ते सभेचे घटनात्मक सल्लागार होते आणि ऑक्टोबर १९४७ मध्ये त्यांनी २४३ कलमांचा कच्चा मसुदा तयार केला. मसुदा समितीने फेब्रुवारी १९४८ मध्ये दिलेल्या मसुद्यात ३१५ कलमं होती, अखेरच्या संविधानात ३९५. मधल्या काळात ७,६३५ दुरुस्त्या दाखल झाल्या, त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. राव सभेचे सदस्य नव्हते. सभागृहात उभं राहून कलमांची बाजू लढवायचं काम मुख्यतः बाबासाहेबांचं. मसुदा समितीतलेच टी. टी. कृष्णमाचारी यांनी ५ नोव्हेंबर १९४८ ला सभागृहात सांगितलं की, कुणी राजीनामा दिला, कुणाचं निधन झालं, कुणी अमेरिकेत, कुणी दिल्लीपासून दूर. भार शेवटी डॉ. आंबेडकरांवर पडला. आणि राव यांचं श्रेय लपवलं कुणी? २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनीच राव यांचं नाव घेतलं, मुख्य मसुदालेखक एस. एन. मुखर्जी यांचं तर आणखी कौतुक केलं.

राहिला जनतेचा प्रश्न. सार्वमत झालं नाही, हे खरं. सभेचे बहुतेक सदस्य प्रांतिक विधानसभांनी निवडले होते आणि त्या विधानसभांना मत देणारे मोजकेच लोक होते. पण मसुदा आठ महिने लोकांपुढे होता, त्यावर सूचना आल्या, टीका झाली. याहून मोठी गोष्ट, मोजक्यांच्या मतांवर उभ्या राहिलेल्या या सभेने पुढचं मत प्रत्येक प्रौढाच्या हातात दिलं.

माझी आजी कोपरखैरण्याची. मिठागरात पाट्या वाहायची, अक्षरओळख नव्हती, नावावर जमिनीचा तुकडा नव्हता. १९४६ ला मत द्यायचं तर शिक्षण किंवा मालमत्ता, असलं काहीतरी दाखवावं लागे. घरात कुणाकडेच ते नव्हतं. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत तिने मत दिलं. शाई पुसू नये म्हणून दोन दिवस ते बोट ती पाण्यापासून जपत होती, असं ती आम्हाला सांगायची.