पिन कोणाची आणि कधीपासून? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. चिपची कोणती पिन कोणत्या कामाला लावायची ते सांभाळणाऱ्या पिनकंट्रोल ड्रायव्हरवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: तुम्ही एसटीएम३२ या एसटी कंपनीच्या छोट्या चिपांवर (एफ१, एफ४ ही त्यांतली घराणी) फर्मवेअर लिहिता. यूआर्टची, म्हणजे सिरीयल पोर्टची, पिन लावायला दोन रजिस्टरं (चिपमधले नियंत्रणाचे कप्पे) लिहायची, दोन ओळी, विषय संपला, असं तुमचं म्हणणं. त्यावर स्टेट (एका प्रसंगाची पिन-मांडणी), ग्रुप (एकत्र धरलेल्या पिना), फंक्शन (त्यांचं काम) आणि डिव्हाइस ट्री (बोर्डाचं वर्णन करणारी फाइल) यांचा डोलारा उभारणं म्हणजे लिनक्सवाल्यांनी आपल्या सवयी छोट्या चिपांवर लादणं, शिवाय फ्लॅश वाया जाते ती वेगळीच. आणि शेवटचा टोला असा की झेफिर या छोट्या चिपांसाठीच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर आल्यापासून बोर्ड चालू होताना मोडेमला एक कचरा बाइट जातो, तुमच्या जुन्या कोडमध्ये तो जात नव्हता.

दोन ओळींबद्दल माझा वाद नाहीच. एसटीएम३२एफ४ वर एएफआरमध्ये (पिनेचं पर्यायी काम निवडणारं रजिस्टर) चार बिट लिहायचे, मोडरमध्ये (पिनेची तऱ्हा ठरवणारं रजिस्टर) दोन, झालं. तिथेही क्रम पाळावा लागतो, आधी एएफआर आणि मग मोडर. नाहीतर मधल्या काही क्लॉकपुरती पिन एएफ-शून्यवर, म्हणजे पर्यायी काम क्रमांक शून्यवर, जाऊन येते, आणि त्या पिनवर एएफ-शून्य म्हणजे काय असेल ते बाहेरच्या सर्किटला सोसावं लागतं. हे तुम्हाला माहीत असणारच. पण तुमच्यानंतर तो कोड हातात घेणाऱ्या मुलाला माहीत असेलच असं नाही, आणि तो त्याच दोन ओळी उलट्या क्रमाने आणखी दहा ठिकाणी लिहील. क्रम एकाच ठिकाणी राहावा एवढ्यासाठीसुद्धा ड्रायव्हर परवडतो. तरी माझा मुख्य मुद्दा हा नाही.

लिनक्समध्ये हे प्रकरण आलं कुठून ते पाहा. २०११ पर्यंत एआरएमच्या प्रत्येक चिप-घराण्याचा स्वतःचा पिन-कोड होता: ओमॅपचा वेगळा, पीएक्सएचा वेगळा, आय.एमएक्सचा वेगळा, आणि त्यावर प्रत्येक बोर्डाची फाइल. सगळीकडे तुमच्यासारख्याच दोन ओळी, फक्त हजारो वेळा. त्याच वर्षी लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स एआरएमच्या या पसाऱ्यावर जाहीरपणे भडकले होते. लिनस वॉलेई यांनी लिहिलेली पिनकंट्रोलची उपप्रणाली कर्नलच्या ३.२ आवृत्तीत, म्हणजे जानेवारी २०१२ मध्ये बाहेर आली. तिचा गाभा उघडून बघा. हार्डवेअरच्या रजिस्टरमध्ये लिहिणारी एकही ओळ तुम्हाला तिथे सापडणार नाही. ते काम चिपच्या ड्रायव्हरकडे, चार-पाच कॉलबॅकमध्ये (गाभा गरजेनुसार बोलावतो त्या फंक्शनांमध्ये). गाभ्यात आहे ती नोंद: अमुक पिन सध्या कोणत्या डिव्हाइसच्या नावावर आहे, कोणत्या कामासाठी, आणि दुसरं कोणी मागितली तर काय करायचं. पिनकंट्रोल नांगर धरत नाही, सात-बारा ठेवतो.

आणि गंमत म्हणजे तुमच्या दोन ओळीही कर्नलमध्ये आहेत. 'पिनकंट्रोल-सिंगल' नावाचा ड्रायव्हर बघा, बीगलबोन ब्लॅकवरची एएम३३५एक्स चिप त्याच्यावरच चालते. तिथे एका पिनला एक ३२ बिटी रजिस्टर: खालचे तीन बिट मोड, चौथा पुल (तार वर किंवा खाली ओढून धरणारा आतला रेझिस्टर) बंद करण्याचा, पाचवा पुल वर की खाली ते सांगणारा, सहावा इनपुट चालू करण्याचा. ड्रायव्हरला पिनेचं नाव-गाव काही माहीत नसतं. डिव्हाइस ट्री म्हणतं की या ऑफसेटला ही किंमत लिही, आणि तो लिहितो. यापेक्षा साधं काय असणार? किंमत मोजावी लागते ती दुसरीकडे. काही बिघडलं की डीबगएफएस (कर्नलची आतली माहिती दाखवणाऱ्या फाइली) तुम्हाला पिनेचं नाव सांगत नाही, नुसता क्रमांक सांगतं, आणि तुम्ही डेटाशीट मांडीवर घेऊन ऑफसेट मोजत बसता.

आता ताब्याचं बघू. समजा एक जण आय-टू-सीच्या (सेन्सर वगैरे जोडायच्या दोन तारांच्या बसच्या) पिना लावतो आणि सहा महिन्यांनी दुसरा जण त्यातलीच एक पिन एलईडीसाठी जीपीआयओ (साधी चालू-बंद पिन) म्हणून घेतो. कोड कंपाइल होतो, एलईडीही लागतो, आणि सेन्सर अधूनमधून गप्प होतो. एसटीएम३२एमपी१ वर लिनक्स चालवताना हे होत नाही, कारण तिथला ड्रायव्हर 'स्ट्रिक्ट' आहे. एकदा आय-टू-सीने पिन घेतली की जीपीआयओची मागणी नाकारली जाते आणि पिन आधीच कोणाकडे आहे ते लॉगमध्ये छापून येतं. झेफिरमध्ये हा पहारा नाही. तिथे पिनांची सगळी मांडणी कंपाइल करताना ठरते आणि चालू असताना कोणी कोणाला विचारत नाही. कमी मेमरीच्या चिपसाठी हा सौदा मला पटतो. पण मग तो सौदा आहे हे मान्य करायला हवं. 'डोलारा लादला' ही तक्रार झेफिरला लागूच होत नाही, कारण डोलाऱ्याचा सर्वात जड भाग त्यांनी मुद्दाम मागे ठेवला आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. तुमच्या दोन ओळी मेनच्या सुरुवातीला एकदा चालतात आणि पुन्हा कधी नाही, असं तुम्ही धरून चालला आहात. आय-टू-सीवर एखादा स्लेव्ह डेटाची तार खाली धरून अडकला की मास्टरला क्लॉकच्या तारेवर नऊपर्यंत ठोके द्यावे लागतात. त्यासाठी चालू असतानाच पिना जीपीआयओ कराव्या लागतात आणि काम झालं की परत आय-टू-सीला द्याव्या लागतात. लिनक्सचा आय-टू-सी गाभा याकरता डिव्हाइस ट्रीमध्ये 'जीपीआयओ' किंवा 'रिकव्हरी' नावाची स्टेट शोधतो आणि अदलाबदल स्वतः करतो. किंवा आय.एमएक्सवरचं एसडी कार्ड घ्या. कार्ड वेगाच्या वरच्या पायरीवर गेलं की पॅडची (चिपवरच्या पिनेच्या जोडणीची) ताकदही बदलावी लागते. म्हणून तिथे डिफॉल्टखेरीज १०० मेगाहर्ट्‌झ आणि २०० मेगाहर्ट्‌झ अशा दोन वेगळ्या स्टेट लिहिलेल्या असतात. झोपेच्या वेळची स्टेट तर बॅटरीवर चालणाऱ्या प्रत्येकाला लागते. ज्याला तुम्ही डोलारा म्हणता त्यातला स्टेट हा भाग मी कधीच काढणार नाही.

ग्रुप आणि फंक्शनबद्दल मात्र तुमच्याशी मी बराचसा सहमत आहे. ज्या चिपांवर एक बिट फिरवला की अख्ख्या पेरिफेरलच्या (यूआर्टसारख्या चिपमधल्या घटकाच्या) पिना एकदम हलतात, तिथे ग्रुप नैसर्गिक आहे. तुमच्या जुन्या एफ१ वरचं एएफआयओ रीमॅप हे त्याच जातीचं. पण एफ४ वर प्रत्येक पिन स्वतंत्र आहे, तरी लिनक्सच्या चौकटीत बसण्यासाठी एसटीएम३२ चा ड्रायव्हर प्रत्येक पिनेचा एकेकटा ग्रुप करतो. ही निव्वळ कागदपत्रांची पूर्तता आहे. नवा ड्रायव्हर लिहिणाऱ्याला मी म्हणेन की चौकट बाजूला ठेव आणि आधी चिपचं मक्स (पिनेचं काम निवडणारं) रजिस्टर कसं आहे ते बघ. नॉर्डिकच्या एनआरएफ५२ मध्ये तर पिन-निवडीचं रजिस्टर पेरिफेरलच्या आतच आहे, वेगळा पिन-कंट्रोलर असा नाहीच.

सर्वात फसवी तऱ्हा आय.एमएक्सची. तिथे एका पिनेला तीन रजिस्टरं असू शकतात: मक्स, पॅड आणि इनपुट-निवड. यूआर्टचा आरएक्स (येणारा डेटा) आत येण्यासाठी दोन-तीन पॅडांचे पर्याय असतात आणि त्यातला कोणता ऐकायचा हे तिसरं रजिस्टर ठरवतं. ते विसरलं तर टीएक्स (जाणारा डेटा) उत्तम चालतो, आरएक्स मुका राहतो, आणि मक्स रजिस्टर वाचलं तर सगळं बरोबर दिसतं. म्हणूनच तिथल्या डिव्हाइस ट्रीमध्ये एका पिनेसाठी सहा आकडे असतात, पाच मॅक्रोतून येणारे आणि सहावा पॅडची मांडणी सांगणारा. हे हाताने, दोन ओळींत, प्रत्येक बोर्डासाठी लिहायची माझी तरी तयारी नाही.

जाता जाता, ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी लक्षात ठेवावं असं एक. रास्पबेरी पायच्या जुन्या बीसीएम२८३५ मध्ये पुल-अप लावता येतो पण परत वाचता येत नाही. अशा वेळी 'आत्ता पुल काय आहे' या प्रश्नाला आपण शेवटचं लिहिलेलं मेमरीतून काढून उत्तर द्यायचा मोह होतो. तसं करू नये, कारण आपल्या आधी फर्मवेअरने त्या पिना हलवलेल्या असू शकतात. लिनक्सचा ड्रायव्हर तिथे सरळ 'जमत नाही' असं उत्तर देतो आणि तेच योग्य आहे. पुढे बीसीएम२७११ मध्ये हे रजिस्टर वाचता येऊ लागलं.

फ्लॅशचा हिशेब तुम्हीच मांडा. झेफिरमध्ये एसटीएम३२ ची एक पिन एका स्टेटसाठी ८ बाइट घेते. वीस पिना म्हणजे १६० बाइट, वर थोडे पॉइंटर. वीज-व्यवस्थापन बंद असेल तर स्लीपच्या स्टेट इमेजमध्ये येतच नाहीत. क्यूबएमएक्स या एसटीच्या पिन-मांडणीच्या साधनातली पिनांची माहिती पुन्हा हाताने टाइप करावी लागते अशीही तुमची तक्रार होती. लागत नाही. झेफिरच्या एसटीएम३२ साठीच्या पिन-फाइली एसटीने खुल्या केलेल्या पिन-माहितीतूनच तयार केलेल्या आहेत, तुम्ही फक्त हवी ती नोंद उचलायची.

राहिला तो कचरा बाइट. ही तक्रार खरी आहे, आणि तिचं मूळ क्रमात असावं असा माझा अंदाज आहे. पिन यूआर्टला दिली पण यूआर्ट अजून चालू नाही, अशा अवस्थेत तार काय पातळीवर राहील याची हमी नसते. एफ१ च्या मॅन्युअलमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. ड्रायव्हरचा नेहमीचा शिरस्ता आधी पिना आणि मग पेरिफेरल असा असतो. मध्ये तार क्षणभर खाली गेली की मोडेमला तो स्टार्ट बिट वाटतो. तुमच्या जुन्या कोडमध्ये बहुधा यूआर्ट आधी चालू होत असेल. लिनक्सलाही हाच त्रास झाला होता. तिथे २०१३ पासून प्रोबच्या (ड्रायव्हर डिव्हाइस सुरू करतो त्या पायरीच्या) आधीच डिफॉल्ट स्टेट आपोआप लागते, त्यामुळे पिना ड्रायव्हर तयार होण्याआधीच हलायच्या. २०१५ मध्ये त्यावर 'इनिट' ही स्टेट आणली: प्रोबच्या आधी इनिट, प्रोब यशस्वी झाल्यावर डिफॉल्ट.

तुम्ही आधी ऑसिलोस्कोप लावा आणि रीसेटची तार दुसऱ्या चॅनलवर घ्या. टीएक्सची तार खाली गेल्याचा खड्डा रीसेट सुटल्यापासूनच दिसत असेल तर त्यावेळी तुमचा कोड चालूच झालेला नाही, टीएक्सवर बाहेरून १० किलोओहमचा पुल-अप हाच इलाज. खड्डा नंतर, पिना लागताना येत असेल आणि तार नुसती तरंगत असेल, तर एफ४ वर डिव्हाइस ट्रीमध्ये त्या टीएक्स पिनेला पुल-अप लिहून भागेल. एफ१ वर आउटपुट पिनेला आतला पुल लावता येत नाही, तिथे पुन्हा बाहेरचाच. आणि तार खाली तरंगत नसून खाली ओढली जात असेल, तर कुठलाच दुबळा पुल-अप पुरणार नाही. मग ड्रायव्हरच्या इनिटमध्ये पिना लावणारी ओळ यूआर्ट चालू करणाऱ्या ओळीच्या खाली न्या आणि पुन्हा बघा. स्कोपचं चित्र मिळालं तर इथेच टाका, चिप एफ१ की एफ४ तेही लिहा.