किल्टचा लवाजमा

एडिंबरामध्ये नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला स्थानिक मित्राच्या लग्नाचे निमंत्रण येते, तेव्हा पत्रिकेच्या तळाशी 'हायलँड पोशाख अपेक्षित' अशी एक वरकरणी निरुपद्रवी ओळ असते. म्हणजे किल्ट, हा पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा निऱ्यांचा घागरा, आणि त्याचा सगळा साज. आमच्या कुलकर्णी घराण्याला स्कॉटिश कूळ नसल्यामुळे टार्टन, म्हणजे कुळाकुळाचे ठरलेले चौकटींचे कापड, कोणते घ्यावे, ही मला मोठी अडचण वाटत होती. परंतु पोशाख भाड्याने देणाऱ्या वयोवृद्ध दुकानदारांनी ती चहा निवण्याच्या आत सोडवली. त्यांनी प्रथम मॅकेन्झी टार्टन पुढे केले. गडद निळ्या-हिरव्या चौकटींवर पांढऱ्या आणि तांबड्या रेघा असलेले हे कापड मला आवडलेही होते, पण ते 78 व्या हायलँडर पलटणीचे असल्याचे कळताच माझा हात मागे आला. ही पलटण 23 सप्टेंबर 1803 रोजी असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजेविरुद्ध लढली होती. असई जालना जिल्ह्यात आहे आणि माझे आजोळही त्याच जिल्ह्यातले. आजोळचा पराभव कमरेला गुंडाळून पंगतीला बसणे मला प्रशस्त वाटेना.

उरले ब्लॅक वॉच. ब्रिटिश सेनापती जनरल वेड यांनी 1725 मध्ये स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखावर नजर ठेवण्यासाठी ज्या तुकड्या उभ्या केल्या, त्यांची 1739 मध्ये पलटण झाली आणि तिचे हे निळे-हिरवे-काळे कापड सरकारी टार्टन म्हणून ओळखले जाऊ लागले. ते कोणीही वापरावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. सरकारी मालावर सर्वांचाच हक्क असतो, हे तत्त्व मी भारतातूनच पाठ करून आलो असल्यामुळे मला ते चटकन पटले. किल्टला आठ वार कापड लागते हे ऐकून आईने फोनवरून 'म्हणजे नऊवारीला एकच वार कमी, आणि तरी गुडघे उघडेच?' अशी पृच्छा केली, तेवढाच काय तो विरोध झाला.

खरा छळ त्यानंतर सुरू झाला, कारण लष्करी टार्टन कोणालाही मोकळे असले, तरी त्याच्यासोबत येणारा लवाजमा मोकळा नसतो. स्पॉरन, म्हणजे कमरेच्या साखळीला पुढे लटकणारा बटवा, निवडताना हे प्रथम ध्यानात आले. दिवसासाठी साध्या चामड्याचा, रात्रीच्या मेजवानीसाठी लोकरीदार कातड्याचा आणि चांदीसारख्या पट्टीचा, अशी त्याची विभागणी आहे. माझी दृष्टी मात्र भिंतीवरील तिसऱ्या प्रकारावर खिळली होती. घोड्याच्या लांब पांढऱ्या केसांचा तो झुपका, त्यावर पाच काळे गोंडे, आणि चालताना ते डौलाने डावी-उजवीकडे झुलणार! दुकानदारांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहत तो पलटणीतील जवानांचा असल्याचे सांगितले. आपण कोणत्या तुकडीत होता, हे मात्र त्यांनी विचारले नाही, यात त्यांची सभ्यता दिसली. सौभाग्यवतींनी तेवढी सभ्यता दाखवली नाही. हा झुपका पुढे बांधून तू जेवणार कसा, एवढेच त्या म्हणाल्या. शेवटी रात्रीचा लोकरीदार स्पॉरन ठरला. किल्टला खिसाच नसल्यामुळे मोबाइल, गाडीची किल्ली आणि आहेराचे पाकीट यांचा संसार त्या एवढ्याशा बटव्यात मांडावा लागला आणि तो भरल्या पोटाच्या पाहुण्यासारखा खाली झुकू लागला.

मोज्यांचे तसेच. ब्लॅक वॉचबरोबर लाल-काळ्या चौकटींचे मोजे फारच खुलतात, पण तेही पलटणीचे. टोपीवरील लाल तुरा तर विचारूच नये. 1822 पासून तो अधिकृतपणे त्या पलटणीचा मान आहे. फेट्याला तुरा नसेल तर वऱ्हाडी शोभत नाही, असे मानणाऱ्या प्रदेशातून आलेल्या माणसाला हा त्याग सोपा नव्हता. याच 1822 साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरा भेटीत किल्टखाली गुलाबी तंग विजार घालून मिरवला होता; तेव्हा त्याला कोणी पलटण विचारली असेल, असे मला वाटत नाही. मी निमूटपणे बाटलीच्या रंगाचे हिरवे मोजे घेतले.

जॅकेटचा वाद थोडक्यात मिटला. प्रिन्स चार्ली जॅकेट संध्याकाळनंतरचे, आर्गाइल दिवसाचे आणि लग्न दुपारी दोनला. पण सगळे वऱ्हाडी दुपारपासूनच प्रिन्स चार्लीत येणार असल्याचे नवरदेवाने कळवल्यावर शास्त्र बाजूला पडले. उजव्या मोज्यात खोचायच्या स्कियन डू या छोट्या सुरीविषयी मात्र मला धास्ती होती. राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून ती बाळगण्यास स्कॉटलंडच्या कायद्यात मुभा आहे. पण भारतीय पारपत्र असलेल्या इसमाचा राष्ट्रीय पोशाख कोणता, हे चौकातील पोलिसाला समजावून सांगण्याची माझी तयारी नव्हती. भाड्याच्या सुरीला पातेच नसून केवळ मूठ आहे, हे दुकानदारांनी उपसून दाखवले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. किल्टची पिन फक्त वरच्या पदराला लावा, दोन्ही पदर टाचू नका, अशी ताकीद घेऊन मी बाहेर पडलो.

लग्न स्कॉटलंडमधल्याच पर्थला होते. नवरदेवाचे आजोबा ब्लॅक वॉचमध्ये नोकरी केलेले, आणि त्यांनी मला स्वागताच्या दारातच गाठले. टोपी नाही, तुरा नाही, मोजे साधे, स्पॉरन मुलकी, अशी वरून खालपर्यंत तपासणी करून त्यांनी समाधानाने मान हलवली. मी सुटलो असे वाटले, तोच त्यांनी काठीने मला मागे वळण्याची खूण केली आणि पाठीमागच्या निऱ्या निरखू लागले. पलटणीच्या निऱ्या अशा घालतात की प्रत्येकीवर एकच पट्टा उभा दिसतो. माझ्या निऱ्यांवर मात्र चौकटींची नक्षी जशीच्या तशी जुळवली होती. या बाबीचा मी विचारच केला नव्हता, कारण ती निवडायला मला कोणी सांगितलेच नव्हते.

'नक्षीच्या निऱ्या. मुलकी माणसाला अशाच हव्यात,' आजोबा म्हणाले. 'पट्ट्याच्या असत्या, तर तुमचा पलटणीतला क्रमांक मला विचारावा लागला असता.'