पंप टाकताय? आधी टेप धरायला शिका

नागपुरात पेट्रोल पंप टाकायचा म्हणता? मग भाऊ, पैशाची सोय नंतर बघा, आधी टेप धरायला शिका.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी 2020 मध्ये सांगून ठेवलंय की नवा पंप शाळा, 10 किंवा जास्त खाटांचं रुग्णालय आणि निवासी भाग यांच्यापासून 50 मीटर लांब हवा. घाबरू नका. जागेची अडचण असेल तर जादा सुरक्षा उपाय करून 30 मीटरपर्यंत येता येतं. आणि अडचण काय, हवी तेवढी काढता येते.

मोजायचं कुठून? टँकर रिकामा होतो ती जागा, नोझलचं मशीन किंवा व्हेंट पाइप (टाकीतली वाफ बाहेर सोडणारी नळी), यातलं जे जवळ पडेल तिथून. शेजारचे काका तुमच्या कंपाउंडच्या भिंतीपासून मोजत बसतील. बसू द्या, भिंत नियमात नाही. बाजूचं रुग्णालय 9 खाटांचं असेल तर डॉक्टरसाहेबांना दिवाळीत मिठाई पाठवा आणि दहाव्या खाटेचा विषय काढू नका. शिकवणी वर्गाला शाळा कोण म्हणतं? पोरं जिन्यापर्यंत बसलेली का असेनात.

सगळ्यात सोपा निवासी भाग. तो कायद्याने तसा ठरवलेला लागतो, आणि आपल्याकडे 572 अन् 1900 लेआउटचा, म्हणजे मंजुरीविना पाडलेल्या प्लॉटांचा, घोळ आहेच. असे प्लॉट नियमित करायचा गुंठेवारीचा कायदा 2001 चा. लोक घरं बांधून राह्यले, नातवंडं झाली, पण नियमित न झालेल्या प्लॉटवर सरकारी कागदात अजून तूर डोलते. तुरीला काय त्रास होणार? मे महिन्यात पारा 45 वर गेला की पेट्रोल जोरात उडतं. त्याची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते, आणि त्यात कॅन्सर करणारं बेंझीन असतं. तेवढ्याच उंचीवर पोरं खेळतात खरी, पण ती सातबाऱ्यावर नाहीत.

पंपांना परवाना देणाऱ्या पेसोचं (पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना) देशाचं मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सला आहे. अभिमान बाळगा, शेजाऱ्यांना पत्ता मात्र सांगू नका. शहरात एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, पोलीस आयुक्तालयातून येते, आणि हरकत घ्यायची तर ती येण्याआधीच घेतलेली बरी, हे त्यांना कळलं तर पंचाईत. तोवर प्लॉटला हिरवी जाळी लावा. कोणी विचारलंच तर मंगल कार्यालय होऊन राह्यलं म्हणा. लोक खूश होतील, फार तर पार्किंगचं विचारतील.