वेबसाइटची छापील प्रत

काल परिषदेचं प्रमाणपत्र हातात पडलं. जाड कागद, सोनेरी किनार, नावातल्या वेलांट्यासुद्धा बरोबर. फक्त नावाखाली लिहिलंय, ‘सदस्य, छपाई समिती’. विद्यार्थ्यांच्या तंत्रज्ञान परिषदेची अख्खी वेबसाइट मी उभी केली, रंग ठरवण्यापासून सर्व्हरवर चढवण्यापर्यंत. छपाईशी माझा काडीचाही संबंध नाही. दुरुस्त करून मिळेल का, असं विचारलं तर उत्तर आलं, “अगं, समिती कुठली याला काय महत्त्व? सहभाग महत्त्वाचा.” हे सांगणाऱ्याचं स्वतःचं पद त्याच प्रमाणपत्रावर तीन ओळींत मावलेलं नव्हतं.

तरी ही चूक कुठून उगवली ते मला नेमकं ठाऊक आहे. आमच्या समन्वयक सरांनी माझी वेबसाइट स्क्रीनवर कधी पाहिलीच नाही. ते ती छापून आणत.

वेबसाइट माझ्या गळ्यात कशी पडली यात सांगण्यासारखं काही नाही. बैठकीत “वेबसाइट कोण करणार?” असं विचारलं गेलं तेव्हा बाकीचे सगळे मोबाइलमध्ये बघत होते आणि मी समोर बघत होते. एवढंच. पहिला आराखडा तयार झाला, लिंक सरांना पाठवली आणि दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं.

“बस,” सर म्हणाले आणि त्यांनी टेबलावर स्टेपल मारलेला गठ्ठा ठेवला. शेजारी लाल पेन, टोपण काढून तयार.

“हे काय आहे, सर?”

“तुझी वेबसाइट.”

मी हसले. सर हसले नाहीत.

“आता हे बघ. पहिल्याच पानावर वर कोपऱ्यात तीन आडव्या रेघा आल्यात. प्रिंटर खराब नाही, मी दुसऱ्या प्रिंटरवरही काढून पाहिलं.”

“सर, तो मेनू आहे. दाबला की उघडतो.”

खोटं सांगत नाही, सरांचा अंगठा त्या रेघांवर क्षणभर टेकला. मग त्यांनी पान उलटून मागची बाजूही पाहिली.

इथे थोडं तांत्रिक सांगते, कारण सरांना सांगता आलं नाही. ए-फोर कागदाची रुंदी 210 मिलिमीटर. ब्राउझर एका इंचात 96 पिक्सेल धरतो, म्हणजे त्याच्या लेखी हा कागद साधारण 794 पिक्सेल रुंदीचा पडदा, आणि समास सोडले तर त्याहूनही अरुंद. त्यामुळे लॅपटॉपवरून प्रिंट काढली तरी कागदावर उतरते ती टॅबलेटसाठी केलेली मांडणी. पडद्याच्या मापाप्रमाणे पान स्वतःला जुळवून घेतं, या कल्पनेला ‘रिस्पॉन्सिव्ह’ हे नाव इथन मार्कॉटने 2010 साली दिलं. मी त्यासाठी तीन मापं धरली होती: मोबाइल, टॅबलेट आणि लॅपटॉप. सरांनी चौथं शोधून काढलं.

“बरं, हे घड्याळ. 12 दिवस, 4 तास, 33 मिनिटं.”

“हो सर, परिषदेला किती वेळ उरला ते दाखवतं. काउंटडाउन.”

“काल संध्याकाळीही 12 दिवसच होते.”

“सर, ही प्रिंट काल संध्याकाळचीच आहे.”

“मग आज किती पाहिजेत?”

“अकरा.”

सरांनी 12 खोडलं, वर सुवाच्य अक्षरात 11 लिहिलं, बाजूला सही केली आणि म्हणाले, “एवढं करून घे.”

मी “हो सर” म्हणाले. दुसरं काय म्हणणार? कोडमध्ये काहीही न करता दुसऱ्या दिवशी तिथे 10 आलं होतं आणि सरांनी नवी प्रिंट काढली होती. त्यानंतर प्रत्येक बैठकीत तो आकडा खोडला गेला. ते घड्याळ मी ज्या जावास्क्रिप्टमध्ये लिहिलं, ती भाषा ब्रेंडन आइकने 1995 साली दहा दिवसांत लिहून काढली. तिच्यात महिने शून्यापासून मोजतात आणि तारखा एकपासून, म्हणजे जानेवारी शून्यावा आणि डिसेंबर अकरावा. हे सहन करून ते घड्याळ मी बिनचूक चालवलं होतं, आणि लाल पेनाच्या लेखी ते रोज एक दिवस मागे पडत होतं.

“पाचवं पान कोरं का?” सरांनी गठ्ठा पुढे सरकवला. “इथे वर ‘प्रमुख वक्ते’ असं आहे आणि खाली कुणीच नाही. वक्त्यांनी नकार कळवला का?”

“नाही सर. पान खाली सरकवत गेलं की ते एकेक करून अलगद वर येतात. तोवर अदृश्य असतात.”

“कागदावर कसे येणार?”

“कागदावर नाही येणार, सर.”

सरांनी चष्मा काढला. “हे बघ बाळा, लोक आले की वक्ते आधीच जागेवर पाहिजेत. लोक आल्यावर वक्त्यांनी उगवायचं नाही.”

मला राग आला तो यामुळे की म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. ती अलगद वर येण्याची हौस डिझाइन गटाची. नेट मंद असलं की मोबाइलवरही वक्त्यांच्या जागी पांढरं मैदानच दिसायचं. मी हे आधी दोनदा बोलले होते, कुणी ऐकलं नव्हतं. सरांनी कोऱ्या पानावर लाल फुली मारली आणि निर्णय जागच्या जागी झाला.

संपूर्ण प्रकरणात कौतुक एकदाच झालं. वरची नावाची पट्टी स्क्रीनवर चिकटून राहावी म्हणून मी ‘फिक्स्ड’ ठेवली होती. छापताना ब्राउझर अशी पट्टी प्रत्येक पानावर पुन्हा काढतो आणि ती खालच्या एकदोन ओळी गिळून टाकते. सर पानं फरफर उलटत म्हणाले, “हे मात्र झकास केलंस. प्रत्येक पानावर लोगो!” गिळलेल्या ओळींत नोंदणीची मुदत होती. ती त्यांनी पेनाने समासात लिहून दिली.

मग शीर्षकावर पिवळा हायलायटर फिरवून बाजूला लिहिलं, ‘हा रंग’. मला वाटलं पार्श्वभूमीला. नाही, अक्षरांना. पांढऱ्यावर पिवळी अक्षरं! वेबवरचा मजकूर कमी दृष्टीच्या माणसालाही वाचता यावा म्हणून जे निकष आहेत, त्यांत साध्या आकाराच्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक किमान 4.5 ला 1 असावा असं म्हटलंय. मोठ्या शीर्षकाला 3 ला 1 पुरतो. पांढऱ्यावर शुद्ध पिवळं धरलं तर तो भरतो 1.07 ला 1. मी हे आकडे मांडले. सर म्हणाले, “पण उठून दिसेल.” शेवटी गडद निळ्यावर पिवळं असा तह झाला. ब्राउझर मुळात पार्श्वभूमीचे रंग छापतच नाही, तो पर्याय मुद्दाम निवडावा लागतो. म्हणजे पुढच्या प्रिंटमध्ये निळा गायब. त्यावर झालेला संवाद मी इथे देत नाही.

आणि सरकती पट्टी. ती हवीच होती. ‘नोंदणी सुरू आहे, त्वरा करा’ हे उजवीकडून डावीकडे धावलं पाहिजे आणि शेजारी ‘नवीन’ लुकलुकलं पाहिजे. लुकलुकणाऱ्या अक्षरांचा ‘ब्लिंक’ टॅग (म्हणजे पानाच्या कोडमधली खूण) नेटस्केप या जुन्या ब्राउझरने आणला, धावत्या अक्षरांचा ‘मार्की’ इंटरनेट एक्सप्लोररने. ब्लिंक फायरफॉक्सनेही 2013 मध्ये काढून टाकला, देव त्यांचं भलं करो. मार्कीला मात्र प्रमाणित एचटीएमएलने, म्हणजे वेबपानं ज्या भाषेत लिहितात तिने, कालबाह्य ठरवून ‘वापरू नका’ म्हटलं, तरी जुनी पानं मोडू नयेत म्हणून ब्राउझर तो अजून चालवतात. सरांना हे कुणीतरी सांगितलं. मी ते ‘कुणीतरी’ शोधते आहे. पट्टी लागली. कागदावर ती अर्थातच थांबलेली आली, तीही ‘त्वरा क’ इथे.

सगळ्यात मोठी बैठक झाली ती नावांच्या क्रमावर. मुख्य संरक्षक, संरक्षक, मार्गदर्शक, सल्लागार, निमंत्रक, सहनिमंत्रक. या एका पानात जितके बदल झाले तितके बाकी साइट मिळून झाले नसतील. कुणाचा फोटो कुणाच्या फोटोपेक्षा किंचित मोठा दिसतो, हे लोक पट्टी लावून मोजत होते, कारण आता मोजायला कागद होता ना! फोटो आले तेही वर्डच्या फाइलमध्ये चिकटवून. एकाचा तर ओळखपत्राचा काढलेला फोटो, त्यात प्लास्टिकवरची चमक नेमकी नाकावर.

येणाऱ्या विद्यार्थ्याला काय हवं असतं? कधी, कुठे, नोंदणी कशी करायची आणि आपलं सत्र कोणत्या खोलीत. ही माहिती मी सगळ्यात वर ठेवली होती. ती अध्यक्षांच्या संदेशाखाली गेली. मग प्रास्ताविकाखाली. मग उद्दिष्टांखाली. वेबचा जनक टिम बर्नर्स-लीने सर्न या संशोधन संस्थेत 1991 साली जी पहिली वेबसाइट उघडली, ती म्हणजे साधा मजकूर आणि लिंका. ना फोटो, ना घड्याळ, ना अध्यक्षांचा संदेश. ते पान आज मोबाइलवर उघडलं तरी नीट वाचता येतं. आमची साइट उघडल्यावर नोंदणीच्या बटणापर्यंत पोचायला अंगठ्याला दम लागायचा.

शेवटी मी छापण्यासाठी वेगळी सीएसएस, म्हणजे पान कसं दिसावं हे ब्राउझरला सांगणारे नियम, लिहायला बसले. ही सोय आहे, 1998 पासून आहे, आणि तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. तिच्यात मी मेनू लपवला, घड्याळाच्या जागी थेट तारीख घातली, वक्त्यांना आधीच बसवलं, लोगो प्रत्येक पानावर ठेवून मजकूर त्याच्याखाली सरकवला आणि प्रत्येक लिंकपुढे तिचा पूर्ण पत्ता छापून येईल असं केलं. मार्कीही जागेवर उभी केली, पूर्ण वाक्यासकट. रात्र गेली, पण जे उतरलं ते देखणं होतं. सरांनी गठ्ठा चाळला, लाल पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, “आता झाली वेबसाइट.” बहुधा त्याच दिवशी छपाई समितीत माझं नाव चढलं.

परिषदेच्या दिवशी सकाळी दुसऱ्या सत्राची खोली बदलली, कारण मूळ खोलीतला प्रोजेक्टर सुरूच होईना. मी जिन्यात उभ्याउभ्या बदल करून मिनिटभरात साइटवर चढवला. पण तोवर सरांनी वेळापत्रकाची प्रत काढून दारावर चिकटवली होती, माझ्याच छपाईच्या सीएसएसमुळे सुबक, ठळक, दुरून वाचता येईल अशी. येणाऱ्या प्रत्येकाने तिचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. मग साइट कोण उघडणार? सगळे फोटो बघत जुन्या खोलीत जाऊन बसले. नव्या खोलीत वक्ते, माइक धरलेला मुलगा आणि पहिल्या रांगेतले सर. सर माझ्याकडे बघून म्हणाले, “तू साइटवर टाकलं होतंस ना?” मी मोबाइल पुढे केला. “असं नको,” ते म्हणाले, “प्रिंट आहे का?”

परिषदेचा अहवाल आला आहे. पान आठ: ‘संकेतस्थळावरील माहिती वेळेत अद्ययावत न झाल्याने दुसऱ्या सत्रास उपस्थिती अल्प राहिली.’ बदल कोणत्या मिनिटाला झाला याची नोंद सर्व्हरवर आहे. ती दाखवायला गेले तर म्हणाले, अहवाल आता छापून झालाय. निदान मूळ फाइल द्या, मी ते वाक्य दुरुस्त करून पाठवते, असं म्हटलं. फाइल आली. छापील अहवालाचं स्कॅन, सगळी पानं आडवी.