गोळा टांगून किल्लारी वाचली नसती

मराठवाड्यात सध्या एक मजकूर मोबाईलवरून फिरतो आहे. तैवानमधल्या तैपेईच्या उंच इमारतीत 660 टनांचा गोळा असल्यामुळे ती भूकंपात हलत नाही आणि असे डॅम्पर, म्हणजे हादऱ्यांची ऊर्जा जिरवणारी साधने, घरोघरी असते तर 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारीत माणसे गेली नसती, असे त्यात म्हटले आहे. यातला गोळ्याच्या वजनाचा आकडा आणि भूकंपाची तारीख बरोबर आहे, बाकीचे नाही.

पहिली गोष्ट म्हणजे, तो गोळा मुख्यतः वाऱ्यासाठी आहे. 508 मीटर उंचीची इमारत वाऱ्याने सावकाश झुलते. गोळा तिच्याच तालाशी जुळवलेला असून थोडा मागे पडून झुलतो आणि त्याला जोडलेले तेलाचे दट्टे ती ऊर्जा जिरवतात. इमारत हलते म्हणूनच गोळा हलतो. ऑगस्ट 2015 च्या वादळात तो सुमारे 1 मीटर सरकला होता.

शिवाय डॅम्पर सगळे सारखे नसतात. एका प्रकारात दट्टा सिलिकॉन तेलाला बारीक भोकांतून ढकलतो आणि धक्क्याची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. घर्षणाच्या प्रकारात बोल्टने आवळलेले पोलादी पत्रे ठरावीक जोरापलीकडे एकमेकांवर घसरतात. तिसऱ्यात पोलादाच्या पट्ट्या मुद्दाम वाकू दिल्या जातात, त्यामुळे मोठ्या धक्क्यानंतर त्या बदलाव्या लागतात. पायाखालचे रबरी आधार मात्र मुळात वेगळे तंत्र आहे. ते इमारतीला जमिनीच्या हालचालीपासून बऱ्याच अंशी अलग ठेवतात.

या सगळ्या डॅम्परांना इमारत न फुटता थोडी सरकावी लागते, कारण दट्टा सरकल्याशिवाय काहीच जिरत नाही. किल्लारीच्या माळवदाच्या घरांत नेमके तेच शक्य नव्हते. दगड-मातीच्या जाड भिंतींना आत-बाहेर दोन वेगळे थर, मध्ये चिपा आणि माती, दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नाहीत आणि डोक्यावर मातीचे जड छत, अशी ती रचना होती. धक्का बसताच थर सुटले, भिंती फुगल्या आणि छत खाली आले. अशा भिंतीला दट्टा जोडायचा तरी कुठे? तिला हवे होते ते आरपार दगड, दारा-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना बांधणारा सलग पट्टा आणि हलके छत. उभ्या असलेल्या जुन्या घरांतही भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून, सळई घालून काँक्रीट भरता येते आणि छतावरची जादा माती काढता येते. हे काम गावातला गवंडी करू शकतो.

लातूर-नांदेडकडच्या नव्या आरसीसी इमारतींचे काय? तिथे तत्त्वतः डॅम्पर बसवता येतात, परंतु स्वतंत्र गणित आणि खर्च लागतो. त्याआधी पाहायचे ते खांबाच्या टोकांना रिंगा (उभ्या सळयांना वेढणाऱ्या आडव्या सळया) दाट आहेत का आणि त्या रिंगांची टोके 135 अंशांत आत वळवली आहेत का, हे. आणि ते काँक्रीट ओतण्यापूर्वीच पाहता येते.